फोन वाजला की छातीत धस्स होतं

पत्र: ताई, मी सव्वीस वर्षांची. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, अंबडच्या एका कारखान्यात परचेसला आहे. दीड वर्षापूर्वी अकाउंट्समधून इकडे बदली झाली आणि तेव्हापासून दिवसभर फोनच फोन. फोन वाजला की छातीत धस्स होतं, हात गार पडतात. शक्यतो मी व्हॉट्सॲपवर भागवते. फोन करायचाच झाला तर काय बोलायचं ते सगळं वहीत लिहून काढते, जिन्यात जाऊन करते, आणि दोन रिंग झाल्या की कट करून 'लागला नाही' म्हणून सांगते. गेल्या महिन्यात आडगाव नाक्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी आमच्या गेटवर अर्धा दिवस अडकली. बिलातला आकडा जुळत नव्हता आणि मी मेसेज टाकून उत्तराची वाट बघत बसले होते. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "एक फोन करायला काय झालं होतं?" घरी गॅस, पार्लर, डॉक्टर, सगळीकडे आईच फोन करते. आता लग्न ठरलंय. होणाऱ्या सासूबाई येवल्याच्या, फार प्रेमळ आहेत. रोज संध्याकाळी फोन करतात आणि मी तो वाजू देते. बोलून झाल्यावर रेकॉर्डिंग लावून आपण कुठे चुकलो ते ऐकत बसते. समोरासमोर बोलायला मला काहीच अडचण नाही. मग हे काय आहे? आजार आहे की मीच भित्री आहे?

प्रिय मैत्रिणी,

नाव छापू नका म्हणालीस, म्हणून मैत्रीणच म्हणते.

तू भित्री नाहीस. फोनची इतकी धास्ती असताना दीड वर्ष परचेसची खुर्ची सांभाळलीस, त्यात किती ताकद खर्च झाली असेल याची मला कल्पना आहे. राहिला आजाराचा प्रश्न. फोनची भीती असा वेगळा आजार डॉक्टरांच्या यादीत नाही. लोक आपल्याला जोखतील, आपण त्यांच्यासमोर फजीत होऊ, या भीतीला ते सोशल अँग्झायटी म्हणतात आणि फोनची धास्ती बहुतेक वेळा तिचाच एक भाग असते. काहींना ती सगळीकडे असते, काहींना एखाद्या ठिकाणीच. तुझी फोनपुरती दिसते. अशी भीती सहा महिने किंवा जास्त टिकली आणि तिच्यापायी काम, नाती, रोजचे व्यवहार अडायला लागले, तर तिला आजार समजून उपचार करायचे असतात. पत्रावरून निदान करायचा मला अधिकार नाही. पण दीड वर्ष, गेटवर अडकलेली गाडी आणि न उचललेले सासूबाईंचे फोन हे सगळं एकत्र वाचल्यावर 'सवयीने जाईल गं' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मेसेजवर बोलायला बरं वाटणं हा काही दोष नाही, हेही सांगून ठेवते. तुझ्या वयाच्या कितीतरी जणांना अचानक आलेला फोन म्हणजे कुणी न विचारता घरात घुसल्यासारखं वाटतं. ती आवडनिवड झाली. तुझं दुखणं वेगळं आहे, कारण फोन करावा असं तुला वाटतं, करायला हवा हे कळतं, आणि तरी हात पुढे होत नाही. शिवाय ते फोनच्या कितीतरी आधी सुरू होतं. सकाळी साडेदहाचा फोन जेवणानंतरवर जातो, मग चारवर, मग उद्यावर. फोनवर असताना आवाज कापतो, घाईघाईत बोललं जातं. आणि फोन संपल्यावर रात्री अंथरुणावर तीच वाक्यं पुन्हा पुन्हा डोक्यात फिरतात. हे शेवटचं लोक हिशेबातच धरत नाहीत, पण माणूस सगळ्यात जास्त थकतो तो तिथे.

समोरासमोर जमतं मग फोनवरच का नाही, असं तू विचारतेस. कारण फोनवर आपल्या हातातलं बरंच काही काढून घेतलेलं असतं. समोरचा मान डोलावतोय, कपाळाला आठ्या पडल्यात, की नुसताच चहाचा घोट घेतोय, काही दिसत नाही. दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की प्रश्न आणि उत्तर यांत माणसं सरासरी सेकंदाचा पाचवा भागच थांबतात. इतक्या छोट्या विरामाची सवय असलेल्या कानाला फोनवरचा एका सेकंदाचा उशीर म्हणजे 'हे रागावले वाटतं' असं ऐकू येतं. आणि तो उशीर पुष्कळदा नेटवर्कचा असतो, नाहीतर पलीकडचा माणूस वही शोधत असतो म्हणून असतो.

आवाजाचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. 'स', 'श', 'फ' या ध्वनींचा धारदार भाग त्याच्या वर असतो, तो गळून पडतो. हल्लीचे फोरजीवरचे कॉल त्या मानाने स्वच्छ असतात, तरी ट्रकच्या केबिनमधून बोलणाऱ्याचं 'साठ' तुला 'आठ' ऐकू आलं तर त्यात तुझ्या हुशारीचा काही संबंध नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये तर मुरलेली माणसंही गडबडतात. म्हणून धंद्यातले लोक आकडा परत म्हणून घेतात: "साठ ना? सहा शून्य?" तू हे विचारायला लाजतेस, असं तुझ्या पत्रातून मला जाणवलं. विचार. समोरच्याला त्यात कामातली काळजी दिसते.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. रिंग वाजते, तू बघत राहतेस आणि ती थांबते. त्या क्षणी तुला काय वाटतं? सुटल्यासारखं वाटतं. खांदे खाली येतात, श्वास मोकळा होतो. तुझी भीती याच सुटकेवर पोसली जाते. मेंदूने नोंद केलेली असते, की मोठं संकट होतं, आपण ते टाळलं म्हणून वाचलो. फोन उचलला असता तर काहीच झालं नसतं, हे त्याला कळायची संधीच तू देत नाहीस. पुढच्या वेळी तो आणखी लवकर, आणखी जोरात इशारा देतो. सावकाराकडून उचललेल्या पैशासारखी ही सुटका आहे: आज गरज भागते आणि व्याज वाढत जातं.

दोन रिंगांत कट करणं, जिन्यात जाणं, अख्खं संभाषण वहीत उतरवणं, ही सगळी याच घरातली भावंडं. वहीचं बघ. समोरचा तुझ्या लिहिल्याप्रमाणे बोलला तर तू म्हणतेस, वहीमुळे वाचले. त्याने भलतंच काही विचारलं की तू कोरी पडतेस, कारण लक्ष त्याच्या बोलण्याकडे नसतं, पुढच्या ओळीकडे असतं.

आणि तुझी आई. तिच्याबद्दल मी फार आदराने लिहितेय. "दे इकडे, मी करते" हे तिचं वाक्य मायेपोटीच येतं. लेकीचा पडलेला चेहरा कोणत्या आईला बघवेल? पण तिने केलेल्या प्रत्येक फोनबरोबर 'हे माझ्याच्याने होण्यासारखं नाही' हा तुझा समज पक्का होत जातो. हे पत्र तिला वाचायला दे. एकदम हात काढून घेऊ नका, तसं केलंत तर घरात चिडचिड होईल आणि तू बुडाल्यासारखी होशील. आधी ती तुझ्या शेजारी बसू दे आणि फोन तू कर. काही दिवसांनी ती स्वयंपाकघरात, तू बाहेरच्या खोलीत. नंतर ती घरात नसताना. एक मात्र तिने कटाक्षाने पाळावं: तू बोलत असताना मागून "अगं, ते पण विचार" असं सुचवायचं नाही.

मला वाटतं, आपल्या घरांत हे लहानपणीच सुरू होतं. मावशीचा फोन येतो, सगळे बोलून घेतात आणि मग सात वर्षांच्या पोरीच्या कानाला फोन लावला जातो: "घे, मावशीशी बोल. बोल ना! नमस्कार कर. अगं, मुकी आहेस का?" आजूबाजूला सहा माणसं ऐकत उभी. पोर "हं, हं" करते, सगळे हसतात. आता तर स्पीकर लावतात. तुझ्या बाबतीत असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण लहान मुलं असलेल्या वाचकांना कळकळीची विनंती आहे, की मुलाला बोलायचं नसेल तर फोन त्याच्या कानाला चिकटवू नका.

आता करायचं काय? भीतीच्या पायऱ्या करून खालून वर चढायची ही रीत जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५०च्या दशकात ती पद्धतशीर मांडली, आणि पुढे बरीच सुधारत ती आजही भीतीच्या उपचारांचा कणा आहे. तुझ्या पायऱ्या तूच ठरव, मी फक्त उदाहरण देते. गॅसची नोंदणी यंत्राच्या आवाजावर होते, तिथे माणूसच नसतो, तिथून सुरुवात कर. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलला फोन: "अमुक गोळ्या आहेत का? किती वाजेपर्यंत उघडं असतं?" मग पार्लरची वेळ घे. मग तुझ्या पुरवठादारांपैकी जो सगळ्यात मऊ बोलतो तो. जो सुरुवातच "काय मॅडम, पेमेंटचं काय?" अशी करतो, तो वरच्या पायरीवर. आणि जिन्यात न जाता, सगळे ऐकत असताना स्वतःच्या टेबलावरून केलेला फोन तुझ्यासाठी बहुधा सगळ्यात वर असेल.

दोन पथ्यं पाळ. फोन छोटा असला तरी चालेल, पण वारंवार हवा. आठवड्यातून एक मोठं धाडस करण्यापेक्षा रोजचे दोन साधे फोन जास्त उपयोगी पडतात. आणि प्रत्येक फोनआधी एका ओळीत लिही, की काय होईल असं वाटतंय: 'मेडिकलवाला खेकसेल', 'मला पुढचं सुचणार नाही'. फोन झाला की त्याखाली लिही, प्रत्यक्षात काय झालं. धीर आला का, छान बोलले का, यातलं काही लिहायचं नाही. फक्त घडलेलं. आपण मनात लिहिलेलं आणि घडलेलं यांतली तफावत स्वतःच्या अक्षरात बघितली, की मेंदूला जे कुणाच्या समजावण्याने पटत नाही ते पटायला लागतं. कधीतरी मेडिकलवाला खरंच खेकसेल. तेही लिही, आणि त्यानंतर तू काय केलंस तेही. बहुतेक वेळा लिहायला मिळेल, 'दुसऱ्या दुकानात फोन केला'.

वही पूर्ण बंद करायला सांगत नाही. कशासाठी फोन, बिल नंबर, आकडा, कधीपर्यंत हवं, असे तीन-चार मुद्दे लिहून घे, वाक्यं नकोत. फोनवर असताना पेन हातात ठेव आणि समोरच्याचे शब्द टिपत जा. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी घडण मांडली, तिच्या मुळाशी हेच आहे, की अशा वेळी माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं. माझा आवाज कापतोय का? मी मूर्खासारखी बोलले का? समोरचा काय म्हणाला ते कानावर पडतं, पण पोहोचत नाही. त्याचे शब्द टिपायचे म्हटलं की लक्ष आपोआप त्याच्याकडे जातं. छाती धडधडत असली तरी चालेल. धडधड थांबल्यावर फोन करीन असं ठरवशील तर तो फोन कधीच होणार नाही.

रेकॉर्डिंग मात्र आजच बंद कर. फोनच्या सेटिंगमध्ये आपोआप रेकॉर्ड होण्याची सोय चालू असेल ती काढून टाक. तू ते चुका शोधायला ऐकतेस, आणि शोधणाऱ्याला चुका सापडतातच. वर आपलाच आवाज कानाला परका आणि पातळ वाटतो. बोलताना आपण तो हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो, रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला भाग नसतो. जगाला तुझा आवाज नेहमी तसाच ऐकू येत आलाय आणि त्यावर कुणाची तक्रार नाही. उपचारात कधी कधी तज्ज्ञ माणसाला त्याचंच चित्रण दाखवतात, पण ते शेजारी बसून, काय बघायचं ते सांगून. रात्री उशीजवळ फोन धरून एकटीने ऐकण्याशी त्याची तुलना होत नाही.

ऑफिसमध्ये साहेबांना सगळं उघडून सांगायची गरज नाही. पण "पहिले काही आठवडे सकाळी दहा ते साडेदहा मी सगळे फोन एकदमच करीन, तेवढा वेळ मला दुसरं काम नको" एवढं मागता येईल. फोनची ठरलेली वेळ असली की दिवसभराची टांगती तलवार राहत नाही. फोन झाल्यावर ठरलेलं मेसेजवर पाठवायचंच: 'आत्ता बोलल्याप्रमाणे साठ नग, गुरुवारी.' तो नीट व्यवहार झाला. फोनच्या ऐवजी पाठवलेला मेसेज तेवढा टाळ.

सासूबाईंचं वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण तिथे दोघीही चांगल्या आहेत आणि दोघींनाही लागतंय. त्यांच्या बाजूने बघ. येवल्यात संध्याकाळची कामं आटोपून त्या हौसेने फोन लावतात, तो वाजून वाजून बंद होतो, आणि मग मुलगा सांगतो, ती कामात असेल. दोनदा त्या समजून घेतील. नंतर मनात येणारच, की पोरीला आपण आवडत नाही. तेव्हा आधी होणाऱ्या नवऱ्याला खरं सांग, त्याच्याकडून सबबी सांगवू नकोस. आणि मग काकूंनाही, जमलं तर समोर भेटल्यावर, थोडक्यात सांग: "काकू, मला फोनवर पटकन सुचत नाही, घाबरायला होतं. तुमचा फोन मी मुद्दाम टाळते असं समजू नका." हे ऐकून माया कमी करणारी बाई तुला रोज फोन करत बसली नसती.

आणि फोन तू कर. अचानक वाजणाऱ्या फोनची धास्ती जास्त असते. आपण ठरवून केलेल्या फोनची वेळ आपल्या हातात असते. "काकू, पाच मिनिटं आहेत, म्हटलं बोलावं" असं आधीच सांगितलंस की शेवट कसा करायचा ही काळजीही मिटते. बोलायचं काय? आपल्या जिल्ह्यात तो प्रश्न पडायला नको. इगतपुरीत धो धो पडत असताना येवला आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. "तुमच्याकडे झाला का पाऊस?" एवढं विचारलंस की पुढचा बराच वेळ त्या बोलतील आणि तुला फक्त ऐकायचंय. त्यांचं बोलणं मनापासून ऐकलंस की झालं.

अनोळखी नंबर न उचलण्याबद्दलही तू लिहिलं असतंस तर मी म्हटलं असतं, खुशाल उचलू नकोस. जाहिरातींचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात, ते सोडून दे. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही. असा धमकावणारा फोन आला तर ठेवून द्यायचा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवायचं. पण कामाचा फोन टाळताना 'फ्रॉड असेल' हे कारण पुढे करू नकोस.

दोन-तीन महिने हे मनापासून करूनही धास्ती हलली नाही, किंवा झोप-भूक उडाली, नोकरीच सोडावीशी वाटू लागली, तर तज्ज्ञांकडे जा. त्याआधीच जावंसं वाटलं तर लगेच जा, वाट बघायची काही गरज नाही. थायरॉइडची तपासणी एकदा करून घे, त्याचं प्रमाण वाढलं तरी धडधड आणि हातांची थरथर होते. बोलताना शब्द अडकत असतील तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखव, कारण कधी कधी फोनच्या भीतीमागे लपवलेलं तोतरेपण असतं. या भीतीवर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचा, चांगला उपयोग होतो. त्याच्या साधारण बारा ते सोळा भेटी असतात. काहींना डॉक्टर गोळ्या देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. धडधडीवरची गोळी मैत्रिणीकडून मागून घेऊ नकोस. त्यातली प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला घातक ठरू शकते.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. पण फोनला घाबरणाऱ्या मुलीला पहिली मदत फोनवरचीच सुचवणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून तू आधी समोर बसून बोलण्याचा मार्ग घे. पहिल्या भेटीची वेळ ठरवायला फोन करावा लागला आणि तुझा हात पुढे होईना, तर तेवढा एक फोन आईने केला तरी माझी हरकत नाही. दुसऱ्या भेटीची वेळ तू घे.

तुझी,
ताई